अठरा एप्रिलची आखाजी

द्वारका, नाशिक
७ मे २०००

महेश,

नावाआधी चिरंजीव लिहायला विसरले नाही. लिहिलं नाही.

काल आखाजी होती. तुमच्या पुण्यात ती सोनं विकणाऱ्यांच्या जाहिरातीत असते, अक्षय्य तृतीया म्हणून. आपल्याकडे ती पितरांची. नवी घागर, तीत विहिरीचं पाणी, वर खरबूज, पुढे पुरणपोळी आणि आमरस. गेलेली माणसं वर्षभर तहानलेली असतात आणि त्या दिवशी पाणी प्यायला येतात, असं तुझी आजी सांगायची. तू तिच्या मांडीवर डोकं ठेवून ऐकायचास, आणि मग त्यांना पेला कोण देतं, असं विचारायचास. हे मी मुद्दाम लिहिते आहे. तुला ठाऊक नव्हतं असं तुला म्हणता येऊ नये.

सकाळी आठच्या आत मी मखमलाबादला पोचले. द्वारकेवरून रविवार कारंजा, तिथून दुसरी बस, पुढे पायी. घागर कडेवर. आपल्या मळ्याला आता लोखंडी गेट आहे. जिथे गुलाबाचे वाफे होते तिथे इमारतींचे खांब उभे राहिलेत. विहीर आहे अजून, गेटमधून तिचा कठडा दिसतो. वॉचमन गोरक्ष म्हणून आहे, सटाण्याकडचा. त्याला तुझा कागद दिला. तो ऑफिसात घेऊन गेला आणि परत आला तेव्हा माझ्याकडे बघेना. म्हणाला, "माय, कागदमा अठरा एप्रिल शे. आज सहा मे. साहेब नही म्हणस."

मी म्हटलं, आज आखाजी आहे. तो म्हणाला, "माले माहीत शे. मन्हा घर बी आज घागर शे."

मग साहेब बाहेर आला. तुझ्यापेक्षा लहान असेल. उद्धट नव्हता, उलट मला बसायला खुर्ची मागवली. काम चालू आहे, उघड्या विहिरीत कोणी पडलं तर जबाबदारी आमच्यावर येते, म्हणून कागदात आहे तेवढंच आम्ही करतो, असं त्याने समजावलं. मी फारच हटून बसले तेव्हा म्हणाला, "आजी, आमच्यावर का चिडता? हे तुमच्या मुलानेच लिहिलंय."

रिकामी घागर घेऊन परत आले. बसमध्ये एका बाईने विचारलं, फुटकी आहे का.

घरी येऊन तो कागद उघडला. वर्षभर उघडला नव्हता. तू लिहिलास म्हणून उघडला नव्हता. वाचनालयातून मोठा शब्दकोश आणला आहे, तो मांडीवर ठेवून एकेक शब्द बघितला. मी कुठल्या शाळेत इंग्रजी शिकले नाही आणि मराठीही फुलांच्या पुड्यांची रद्दी वाचत शिकले, पण एवढं कळलं. ऑन द एटीन्थ डे ऑफ एप्रिल ऑफ ईच अँड एव्हरी सक्सीडिंग इयर. येणाऱ्या प्रत्येक आणि एकूण एक वर्षाच्या एप्रिलच्या अठराव्या दिवशी. बिटवीन द अवर्स ऑफ एट अँड टेन इन द फोरनून. दुपारच्या आधी आठ ते दहाच्या दरम्यान. ड्युरिंग हर नॅचरल लाइफटाइम. मी माझ्या मरणाने मरेपर्यंत.

मळा विकायला मी एकाच अटीवर हो म्हटलं होतं. दुसरं काहीही मागितलं नाही, ना घर, ना वाटा. दर आखाजीला माझ्या माणसाची घागर त्याच्या विहिरीवर भरू द्यायची. तू म्हणालास, आई, हे मी कागदात पक्कं करून देतो, कंपनीत माझं तेच काम आहे. मग एका रात्री जेवताना तू विचारलंस, "आखाजी कधी आहे गं?" मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघून सांगितलं, अठराला. मला वाटलं, पोरगा घागर भरायला सुट्टी टाकतोय. तू कागदासाठी विचारत होतास.

तो कागद बदलून आण. बाकी काही लिहायचं नाही.

आई


द्वारका, नाशिक
२५ जून २०००

महेश,

तुझं पत्र मिळालं. टाइप केलेलं. वरती 'संदर्भ' म्हणून माझ्या पत्राची तारीख घातली आहेस. आईचं पत्र संदर्भ म्हणून लावलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं.

तू लिहितोस, चूक झाली, वाईट वाटलं. पण कागद नोंदणी केलेला आहे, तो बदलायचा तर बिल्डरची संमती लागते, ते तू 'इन ड्यू कोर्स' त्यांच्याकडे काढशील. शब्दकोशात बघितलं. योग्य वेळी, यथाकाल. योग्य वेळ कोणती, ते शब्दकोशात नाही.

तोपर्यंत मी दर वर्षी अठरा एप्रिललाच घागर भरावी, असं तू सुचवतोस. भावना महत्त्वाची, तारीख नाही, म्हणतोस. मग गेटवर त्या साहेबालाही हेच सांग ना. तारखेचं महत्त्व त्याला तुझ्याच कागदाने शिकवलं.

तुझ्या वडिलांनी फुलबाजारात जन्मभर कुणाला तारीख दिली नाही. दसऱ्याचा झेंडू दसऱ्याला देतो, एवढंच बोलायचे. दसरा मागे-पुढे व्हायचा आणि आपली लावणी त्याच्या मागून चालायची. अधिक महिना आला की रोपं उशिरा टाकायची, नाहीतर फूल दसऱ्याआधीच उमलून वाळतं. हे तुला सहावीत कळत होतं. एका वर्षी तूच म्हणाला होतास, "बाबा, औंदा धोंड्याचा महिना हाय, घाई नका करू," आणि हे इतके खूश झाले की बाजारात चार लोकांना सांगत सुटले, आमचा महेश लय हुशार हाय. तो हुशार मुलगा आखाजीला अठरा एप्रिल लिहितो. म्हणून मी तुला चूक माफ करत नाही. अडाण्याची चूक असते. तुझं ते विसरणं आहे.

पुढे तू लिहितोस की यापुढे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी नऊ ते दहाच्या दरम्यान शेजारच्या विमलाबाईंच्या फोनवर फोन करत जाशील. आणि दर एक वर्षाआड दिवाळीला येशील, मधल्या दिवाळीला शुभांगीच्या माहेरी. मी हे दोन्ही कळवल्याप्रमाणे नोंदून घेतलं आहे. एक विचारायचं राहिलं. हेही माझ्या मरणापर्यंतच ना?

विमलाबाई म्हणाल्या, "बरं आहे की हो, आमच्या पोराचा तर नेमच नाही, मनात आलं की येऊन उभा राहतो." त्या तक्रार करत होत्या.

आई


द्वारका, नाशिक
१९ एप्रिल २००१

महेश,

काल तुझी तारीख होती. गेले. तू म्हणशील, न जाता कसं कळलं, म्हणून गेले.

गेट आधीच उघडून ठेवलं होतं. साहेबाने किल्लीवाला शिपाई दिला. विहिरीवर लोखंडी जाळी टाकली आहे, पायऱ्यांच्या तोंडाशी छोटं दार आहे. शिपायाने कुलूप काढलं आणि घड्याळ बघत उभा राहिला. मी खाली उतरले. पाणी तसंच आहे, हिरवट आणि गार. तिसऱ्या पायरीचा दगड अजून हलतो. तो बसवायला हे दर उन्हाळ्यात काढायचे आणि दर उन्हाळ्यात राहून जायचं.

पाण्याशी बसले. घागर बाजूला ठेवली. भरली नाही.

मला तिथे काही वाटलंच नाही, महेश. एक साधा बुधवार होता. वर काँक्रीटचा मिक्सर फिरत होता. कुणी यायचं नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं. पाहुणा गुरुवारी येणार हे ठाऊक असताना बुधवारी ताट वाढून बसण्यासारखं होतं ते. थोडा वेळ बसून वर आले.

गोरक्षने रिकामी घागर बघितली. त्याने चहा पाजला. मग म्हणाला, आमच्याकडे बापाची घागर लेक भरतो, बायका पूजा करतात. आणि विचारलं, "माय, तुले पोऱ्या नही का?"

मी म्हटलं, आहे. पण कागदात नाही.

बोलून गेले आणि मग घरी येऊन तो कागद पुन्हा वाचला. खरंच नाहीस तू त्यात. 'द सेड भागुबाई'ला, म्हणजे सदर भागुबाईला, मला, येऊ द्यावं, एवढंच आहे. तिच्या मुलाने यावं असं कुठेही नाही. येणाऱ्या प्रत्येक आणि एकूण एक वर्षाचा विचार तू केलास, त्यात एकाही वर्षी तू स्वतःला त्या विहिरीवर बघितलं नाहीस. अठरा तारीख चुकून पडली असेल. हे चुकून नाही.

इतकी वर्षं बोलले नाही ते आता बोलते. दवाखान्यात शेवटच्या दिवशी हे मला म्हणाले, "विहिरीचं पाणी आण गं. इथलं लय कडू लागतं." मी रिक्षाने मळ्यात गेले, तांब्या भरून पदराखाली झाकून आणला. तू दारात होतास. तांब्या माझ्या हातातून घेतलास आणि बेसिनमध्ये ओतलास. तोंडाने काही द्यायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलंय, म्हणालास. डॉक्टरांनी सांगितलेलं मीही ऐकलं होतं. मी काही तांब्याभर पाजणार नव्हते. बोट बुडवून ओठाला लावणार होते. पहाटे ते गेले. ओठ सुकलेले होते, तूही पाहिलेस.

तो तांब्या मी दर आखाजीला नेऊन देते. माझी पितरं, माझा धर्म वगैरे काही नाही. एवढंच आहे ते.

आई


द्वारका, नाशिक
२७ एप्रिल २००१

महेश,

काल आखाजी झाली. गेटबाहेर गोरक्षच्या खुर्चीवर बसून आले. दार उघडणार नाही हे माहीत होतं, तरी गेले. यांना वाटायला नको की ती आलीच नाही.

घरी येऊन नळाच्या पाण्याने घागर भरली. तुझ्या बापाला काल म्युनिसिपालटीचं पाणी पाजलं. ते कडू लागतं त्यांना. तुला कळावं म्हणून हे कार्ड.

आई


द्वारका, नाशिक
५ मे २००३

महेश,

दोन वर्षं मी पत्र टाकलं नाही. तूही विचारलं नाहीस. फोन येत राहिले, नऊ ते दहाच्या दरम्यान. बीपी किती, गोळ्या आहेत ना, पाणी येतं ना. मग तुमच्याकडचा पाऊस, शुभांगीची बदली. तुझा आवाज ऐकून मला बरं वाटत नाही असं नाही. पण फोन ठेवल्यावर विमलाबाई दर वेळी विचारतात, "काय म्हणाला?" आणि मला सांगण्यासारखं काही सापडत नाही.

काल महिन्याचा पहिला रविवार होता, आणि आखाजीही होती. दोन्ही एका दिवशी. मनात आलं, आज तरी हा म्हणेल. फोन आला तेव्हा मी घरी नव्हते, गेटवर होते. विमलाबाईंनी तुला सांगितलं, त्या सकाळीच घागर घेऊन गेल्यात. तू म्हणालास, "ठीक आहे, पुढच्या पहिल्या रविवारी करतो." त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं. त्या तुझी बाजू घेणाऱ्या आहेत, तरी सांगताना त्यांचा चेहरा पडला होता.

गेटवर काय झालं ते विचारणार नाहीस, तरी लिहिते. इमारती आता भरल्यात. लोक राहायला आले, गाड्या आल्या. विहिरीचं पाणी मोटार लावून बागेला देतात. गोरक्ष म्हणाला, माय, बागेच्या नळाला तेच पाणी आहे, मी बादली भरून आणतो, कुणाला कळणार नाही. त्याची नोकरी जाईल म्हणून नको म्हटलं. तो म्हणाला, नोकरीचं बघतो मी. तरी नको म्हटलं. माझ्या घरच्या विहिरीचं पाणी मी चोरून नेणार नाही.

मागच्या महिन्यात त्र्यंबकला गेले होते. तिथे शामसुंदर गुरुजी आहेत, तुझ्या वडिलांचं सगळं त्यांनीच केलं होतं. त्यांना विचारलं, आखाजी अठरा एप्रिलला पुन्हा कधी येणार? ते हसले, म्हणाले, "भागुबाई, असा प्रश्न मला अजून कुणी विचारला नव्हता. लोक विचारतात, ह्या वर्षी कधी." मग चष्मा लावून बसले, जुनी-नवी पंचांगं काढली, बोटांवर मोजलं. एकोणीस वर्षांनी तारीख आणि तिथी फिरून एका जागी येतात, म्हणाले. नव्याण्णवला होती, म्हणजे आता दोन हजार अठरा.

तर तुझ्या 'ईच अँड एव्हरी' वर्षाचा हिशेब असा निघाला. तेव्हा मी असले तर ऐंशीच्या पुढे असेन. पायऱ्या उतरवणार नाहीत.

गुरुजींनी निघताना विचारलं, मुलगा असताना तुम्ही का धावता? मी म्हटलं, त्याला कागदात घ्यायचं राहिलंय.

आई


द्वारका, नाशिक
२ एप्रिल २००४

महेश,

कुरियर मिळालं. चार वर्षांनी तुझा ड्यू कोर्स आला म्हणायचा. शुभांगीची चिठ्ठीही वाचली. ती लिहिते की माझी जुनी पत्रं तिला तुझ्या कपाटात एकत्र बांधलेली सापडली आणि तिने ती सगळी वाचली. तू ती तिला दाखवत नव्हतास, हे मला ठाऊक नव्हतं. चिठ्ठी चांगली आहे. तिला सांग, मी तिच्यावर कधीच रागावले नव्हते.

आता कागदाचं. वाचला. शब्दकोश लागला, पण पूर्वीइतका नाही. ऑन द डे ऑफ अक्षय्य तृतीया ऑफ ईच कॅलेंडर इयर, अ‍ॅज असरटेन्ड फ्रॉम द पंचांग फॉर द टाइम बीइंग इन यूज. त्या त्या काळी वापरात असलेल्या पंचांगावरून ठरेल त्या दिवशी. चांगलं लिहिलं आहेस. सुईच्या नेढ्यातून दोरा काढावा तसं. त्या साहेबाची सही आहे, शिक्का आहे. माझ्या सहीसाठी पेन्सिलने फुली मारली आहेस.

मी सही केलेली नाही. कागद ह्या पत्राबरोबर परत पाठवते आहे.

तारीख दुरुस्त केलीस. तारखेच्या पलीकडे मी काय लिहिलं होतं ते वाचलंस का? तू अजूनही त्यात नाहीस. अजूनही 'द सेड भागुबाई', अजूनही तिच्या मरणापर्यंत. म्हणजे मी आहे तोवर दर आखाजीला गेट उघडेल, आणि मी गेले की कायमचं बंद. मग यांना पाणी कोण देणार? आणि मला?

तू म्हणशील, मी असल्या गोष्टी मानत नाही. नको मानूस. हेही कुठे मानत होते. देवळात जायचे ते फुलं पोचवायला. पण आखाजीला स्वतःच्या बापाची घागर स्वतः भरायचे, ताप असला तरी. एकदा मी म्हटलं, मी भरते, तर म्हणाले, "बाप माझा हाय. तुझ्या हातचं पितील, पण विचारतील की पोरगा कुठंय."

तेच मला विचारतात, महेश. दर वर्षी त्या खुर्चीवर बसले की विचारतात.

ह्या वर्षी आखाजी बावीस एप्रिलला आहे, गुरुवारी. मी आठ वाजता गेटवर असेन. कागदात माझ्या नावानंतर तुझं नाव घालून, साहेबाची सही घेऊन, तू स्वतः तिथे ये. कुरियर पाठवू नकोस. तू आलास तर तिथेच सही करते. नाही आलास तर ही शेवटची घागर. पुढच्या वर्षीपासून मी जाणार नाही आणि घरीही भरणार नाही. त्यांना सांगून टाकेन की तुमचा पोरगा येणार नाही, तुम्हीही येऊ नका.

आणि पहिल्या रविवारचा फोन करू नकोस. मी उचलायला जाणार नाही.

आई


द्वारका, नाशिक
२३ एप्रिल २००४

चि. महेश,

काल आपण दोघं अख्खा दिवस बरोबर होतो आणि बोललो दोन शब्द. तू संध्याकाळच्या गाडीने गेलास. समोर बोलायला मला जमत नाही, आणि तुला तर कधीच जमलं नाही. म्हणून हे.

दहा वाजले तेव्हा मी उठले होते. तुला हे ठाऊक असावं. गोरक्षला म्हटलं, चला, येते मी. घागर उचलली होती. तो म्हणाला, बस माय जराशी, ऊन उतरू दे. दहा वाजता कुठलं ऊन उतरतं? पण बसले.

तू रिक्षातून उतरलास तेव्हा साडेदहा होऊन गेले होते. पुण्याहून पहाटे निघालास आणि सिन्नरजवळ गाडी बंद पडली, हे तू मला नाही, गोरक्षला सांगितलंस. मी ऐकत होते. तुझा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. केस किती पांढरे झालेत तुझे. फोनवर ते दिसत नाही.

ऑफिसातला नवीन मुलगा कागद बघून म्हणाला, नाव वगैरे सगळं बरोबर आहे, पण वेळ आठ ते दहा लिहिली आहे आणि आता पावणेअकरा. तू कागद हातात घेऊन वाचत राहिलास. स्वतःच लिहिलेलं वाक्य असं वाचत होतास जसं कुणी दुसऱ्याने तुझ्यावर लिहिलंय. मला हसू आलं असतं, दुसरा दिवस असता तर. मग गोरक्षने ऑफिसाकडे न बघता गेटची कडी काढली आणि म्हणाला, "चाल माय. आखाजी सांजलगून शे."

त्या मुलाने अडवलं नाही. त्याचीही कुठेतरी आई असेल.

तू बूट काढलेस. पँट दुमडलीस. तिसऱ्या पायरीवर तुझा पाय आपोआप लांब पडला, हलणारा दगड टाळून. ते मी पाहिलं. डोकं विसरलं असेल, पाय विसरले नाहीत.

मग तू घागर पाण्यात टाकलीस आणि ती तरंगली. तू दाबलीस, ती बाजूला निसटली. पुन्हा दाबलीस, पुन्हा निसटली. घरात मिनरल वॉटरच्या बाटल्यांत वाढलेलं पोर असतं तर मला काही वाटलं नसतं. पण तू त्या विहिरीवरचा. मी वरच्या पायरीवर उभी राहून बघत होते आणि ठरवलं होतं की मदत करायची नाही. ती तिसऱ्यांदा निसटली. तेव्हा मी बोलले, "कलती कर."

तू कलती केलीस. ती गडगड करत पाणी प्यायली आणि बुडाली. तो आवाज ऐकून तू माझ्याकडे वळून बघितलंस. तुझा चेहरा ओला होता, पाण्याने की कशाने, ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही.

रिक्षात घागर मांडीवर घेऊन बसलास. शर्ट भिजला तरी हलवली नाहीस. घरी पाटावर ठेवलीस, खरबूज ठेवलंस. मी स्वयंपाकघरात गेले तेव्हा तू बोट पाण्यात बुडवून फोटोतल्या ओठांना लावलंस. मी दारातून पाहिलं. तुला वाटत असेल पाहिलं नाही.

महेश, मी तुला माफ केलं असं समजू नकोस. बेसिनचं माफ होत नाही. काचेवर लावलेलं पाणी काचेवरच राहतं. तुला ते कळलंय, म्हणूनच तू लावलंस, हेही मला कळतं. पण म्हणून ते फिटत नाही.

फोन कर. पहिल्या रविवारी नको. कधीही कर, विमलाबाईंना झोपेतून उठवलंस तरी चालेल, मी बघून घेईन. दिवाळीचं तुम्ही दोघं ठरवा.

कागदावर मी सही केली आहे. आधी माझं नाव आणि मग, अँड देअरआफ्टर हर सन. तिच्यानंतर तिचा मुलगा. त्या जागी शब्दकोश लागला नाही. वेळेची ओळ मात्र खोडून घे. आठ ते दहात कुणाची तहान भागत नाही.

एकच गोष्ट लिहून ठेवते. दोन हजार अठरा साली आखाजी अठरा एप्रिललाच येणार आहे. तुझा पहिला कागद त्या वर्षी खरा ठरेल. गुरुजींचा हिशेब चुकत नाही, आणि माझ्या वयाचा माझा हिशेबही चुकायचा नाही. त्या दिवशी दोन घागरी आण.

माझीही कलती कर.

आई